कॅमेऱ्याच्या खालची शाळा

थळला परत येऊन मला दीड महिना झाला. या दीड महिन्यात बंदरावर, रिक्षा स्टँडवर, मासळीच्या टोपल्यांपाशी आणि दोन बारशांत मी ही हकीकत सांगितली आहे, आणि दर खेपेला ती थोडी वाढली आहे. परवा शेजारीण विचारत होती, तू त्या मॅनेजरला खरंच उचलून खिडकीतून बाहेर ठेवलंस का. तिथल्या खिडक्या उघडतच नव्हत्या, म्हणून मला नाही म्हणावं लागलं. तेव्हा ठरवलं, एकदा कागदावर उतरवून टाकावं, म्हणजे वाढायचं तरी थांबेल. जाहिरात बघून बॅग भरायच्या विचारात असलेल्या बायांनी तर हे जरूर वाचावं.

थळ, गेल्या वर्षी

मी कोळ्याची मुलगी, कोळ्याची सून आणि पंचवीस वर्षं किहीमकडच्या एका खाजगी शाळेत हिंदीची बाई. पोरं कमी होत गेली आणि शेवटी शाळेला कुलूप लागलं. माझा आवाज मोठा आहे. लहान असताना आई मला बंदरावर उभी करून होड्यांना हाका मारायला लावायची आणि समोरच्या खांदेरी बेटाच्या पलीकडून माणसं 'आलो, आलो' म्हणायची, असं मी सांगते. निम्मं तरी खरं आहे.

भाच्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली. आखातातल्या एका शहरात आपल्याकडच्या मुलांची शाळा, हिंदीची शिक्षिका हवी, मार्चअखेरपर्यंतचा करार. शहराचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही. तिथे अजून माझ्या ओळखीच्या बाया शिकवतायत.

आमचे हे, म्हणजे नाखवा, स्वतःच्या होडीचे मालक आणि घरात मात्र खलाशी, जाळं विणता विणता म्हणाले, "जातेस तर जा. पन तिथं जास्त बोलू नको. दुसऱ्याचा देश हाय."

"मग शिकवू कशी?"

"खुणा कर."

सासूबाईंनी दोन किलो सुका जवळा आणि एक किलो सुके बोंबील फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा माझ्या नव्या साड्यांच्या मधोमध ठेवला. तिकडच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडली. बॅग उघडल्याबरोबर आजूबाजूच्या चार रांगा आपोआप रिकाम्या झाल्या. त्याने रुमाल नाकाला लावून विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, औषध. कशावर? मी म्हटलं, घरच्या आठवणीवर. त्याने बॅग लावून टाकली आणि मला हाताने पुढे ढकललं. खरं सांगायचं तर तो काही बोलला नव्हता, नुसतं झाकण पाडून पुढच्याला बोलावलं. पण रांगा रिकाम्या झाल्या होत्या, हे शपथेवर.

शाळा

ती शाळा म्हणजे एका बड्या माणसाचा जुना बंगला होता. तिकडे याला व्हिला म्हणतात. माझी तिसरी 'ब' कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत भरायची. जिथे एकेकाळी पलंग असेल तिथे चौतीस पोरं. वाचनालय न्हाणीघरात होतं, पुस्तकं टबात रचलेली. पहिल्या दिवशी मी विचारलं, नळ सुटला तर? शिपाई म्हणाला, नळ कधीचा बंद आहे मिस, पाणी पण.

खिडक्या सिलिकॉनने चिकटवलेल्या. बाहेर सप्टेंबरचं ऊन असं की चप्पल डांबरात रुतते, आणि आत एसी सोळावर. एसीचं बटण वर्गात नाही, मॅनेजरच्या मोबाइलमध्ये. पोरं स्वेटर घालून बसायची. पहिल्या आठवड्यात माझे दात इतके वाजले की 'क का कि की' शिकवताना पोरांना वाटलं ही हिंदीतली नवीन अक्षरं आहेत. मागच्या बाकावरच्या पोरीने तसंच म्हणून दाखवलं, दातासकट.

किहीमकडे आमच्या शाळेवर पत्रे होते. मे महिन्यात डोक्यावर तवा, जूनमध्ये फळ्यावर ओघळ. पण दार उघडं असायचं. फारच झालं तर मी पोरांना घेऊन नारळीखाली जायची, हेडबाई काही म्हणायच्या नाहीत, उलट स्वतःची खुर्ची घेऊन यायच्या. इथे वर्गाच्या बाहेर पाय टाकायला चिठ्ठी लागे. लघवीला जायचं तर बदली बाई येईपर्यंत थांबायचं. बदली बाई शाळेत एकच, आणि ती कायम कुणाच्या तरी बदलीवर.

आणि खुर्ची नाही. एकाही वर्गात शिक्षकाला खुर्ची नाही. शिक्षक बसला की वर्ग झोपतो, असं मालकांचं मत, आणि ते दर वर्गाच्या दारावर इंग्रजीत प्लॅस्टिकमध्ये मढवून लावलेलं. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत उभं राहायचं.

हे सगळं चालवणारा मॅनेजर म्हणजे सॅमसर. मूळचे कुठले, पुरं नाव काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांशी इंग्रजीत बोलत. पन्नाशीचा बारीक माणूस, शर्ट इतका कडक इस्त्रीचा की वाकला तर मोडेल असं वाटे. प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीवर छताला टेकून एक कॅमेरा, आणि सॅमसरांच्या केबिनमध्ये मोठा पडदा, त्यावर सगळे वर्ग छोट्या छोट्या चौकटींत. तासाला एकदा कधीही ते एका वर्गावर बोट दाबत, फोटो निघे. फोटोत शिक्षक दिसला तर हिरवी खूण. नाही दिसला तर लाल. महिन्यात तीन लाल झाल्या की 'कामाची जागा सोडली' असा शेरा, आणि तसा शेरा असलेल्याला सहा महिने रजा नाही.

पासपोर्ट पहिल्याच दिवशी त्यांनी मागून घेतले होते. हरवू नयेत म्हणून. लोखंडी कपाट त्यांच्याच केबिनमध्ये. मी आमच्या ह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "होडीचं वल्हं काढून घेतल्यासारखं झालं की गं."

त्या दिवसानंतर मला झोप नीट लागली नाही. हे मी बंदरावर सांगत नाही.

सुहास

मला राहायला दिलेल्या खोलीत दुसरी एक बाई होती. सुहासिनी, माणगावची. भातशेतीवालं घर, नवरा गावाकडेच कारखान्यात. वय तिशीच्या आतलं, दुसरीला गणित शिकवणारी. इतकी हळू बोलायची की पहिले चार दिवस मला वाटलं ती मनातल्या मनात पाढे म्हणतेय. माणगाव ऐकल्यावर मी तिला मिठीच मारली. रायगड जिल्ह्याची हद्द ओलांडली की माणगाव आणि थळ एकाच अंगणात येतात.

पाचव्या दिवशी मी जवळ्याची चटणी केली. ती ताटावरून उठून न्हाणीघरात पळाली. परत आली तेव्हा डोळे पुसत होती.

"ताई, वास चांगला हाय. मलाच न्हाय सोसत आता."

"कितवा?"

"तिसरा लागला." जुलैच्या सुट्टीत घरी गेली होती. शाळेत अजून सांगितलं नव्हतं. "सांगितलं की काढून टाकतील न्हायतर पुढच्या वर्षी बोलावणार न्हाईत."

"पोट काही तुझ्यासारखं हळू बोलत नाही बाय. ते आपणच सांगेल."

त्याने सांगितलं. डिसेंबरात सगळ्या शाळेला कळलं. तेव्हा तिने रीतसर अर्ज दिला: मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरी बाळंतपणाला जायचं आहे, रजा आणि पासपोर्ट मिळावा. सॅमसर म्हणाले, मार्चमध्ये परीक्षा आहेत, बघू. तिने खुर्चीचाही अर्ज दिला. सॅमसर म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा. आणला. मग म्हणाले, खरेदी विभागाकडे पाठवतो. महिन्याभराने खरेदी विभागाकडून एक प्लॅस्टिकमध्ये मढवलेली सूचना आली, पायऱ्यांवर कठडा धरून चालावे.

जानेवारीत तिचे पाय सुजले. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्यांचे वळ बोटभर खोल. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहून कपाळाला आठी घातली. त्या म्हणाल्या, दिवसभर उभं राहणं बंद, आणि घरी जायचं तर छत्तीस आठवड्यांच्या आत. त्यानंतर विमान कंपनी चढू देणार नाही. मग इथेच.

इथेच म्हणजे कसं, ते दोघींनाही माहीत होतं. नवरा नाही, आई नाही, आणि मी, जिला दोन बाळंतपणं झाली पण तेव्हा मी इतकी ओरडत होते की काय चाललंय ते काहीच पाहिलं नाही.

आमच्या खोलीत दाराच्या मागे एक कॅलेंडर होतं. रोज सकाळी सुहास त्यावर आठवडा मोजायची. मी ते बघायचं टाळायची आणि बघायची.

माझी अक्कल

एका शुक्रवारी, तिकडची सुट्टी असते, मी मासळीबाजारात गेले. संगमरवरी कट्टे, वर पांढरे दिवे, आणि कट्ट्यामागे पुरुष विक्रेते, सगळे उभे. सुरमई आपल्यासारखीच, पण बर्फात झोपून झोपून चेहऱ्याने शहरी झालेली. एका बांगलादेशी विक्रेत्याशी मी अर्धा तास घासाघीस केली, हिंदीत, बंगालीत आणि हातांनी. शेवटी तो दमून पालथ्या टोपलीवर बसला आणि म्हणाला, अम्मा, घेऊन जा, पण जा.

तो बसला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे बाजार उभ्याने कोण करतं? माझी आई, सासू, सगळ्या पाटावर नाहीतर जमिनीवर बसून धंदा करतात. उभं असतं ते गिऱ्हाईक. खाली बसलेली बाई सगळा बाजार चालवते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पहिल्या बाकापुढे, फळ्याखाली, शाल अंथरून मांडी घालून बसले. कॅमेरा मागच्या भिंतीवर. त्याला पोरांची डोकी, बाकांच्या पाठी आणि फळा दिसतो. बाकापुढे जमिनीवर बसलेली बाई दिसत नाही. फळ्यावर लिहायला मी एकेका पोराला उठवायची. पोरं खूश. पाय गार फरशीवर असले तरी टेकलेले होते. आठवडाभर मी राणीसारखं शिकवलं आणि एकही लाल खूण नाही.

"सुहास, उद्यापासून तूही बस."

"दिसले न्हाय तर लाल लावतील ना, ताई?"

"मला लावली का?"

ती सोमवारपासून बसायला लागली. दोन दिवसांत पायांची सूज उतरली. मी तिला शंभरदा विचारलं, बरं वाटतंय ना, आणि शंभरदा स्वतःची पाठ थोपटली.

गुरुवारी तिला कागद मिळाला. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवशी तिसरा तास. तीन लाल. कामाची जागा सोडली. रजेचा अर्ज नामंजूर.

तिने तो कागद माझ्या हातात दिला. मी चार वेळा वाचला. मग मला कळलं. माझी तिसरी 'ब' सॅमसरांच्या केबिनला लागून होती. मधे एक प्लायवूडची भिंत. माझा आवाज त्यांना दिवसभर ऐकू येत होता, त्यामुळे त्यांनी माझ्या वर्गावर बोट दाबण्याचा त्रासच घेतला नव्हता. सुहासची दुसरी वरच्या मजल्यावर, आणि तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत. तिच्या चौकटीत त्यांना काय दिसलं असेल तर एकटी पोरं, एकामागून एक उठून फळ्यावर बेरजा करतायत, बरोबर करतायत आणि शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसतायत. बाईचा पत्ता नाही.

छत्तीस आठवड्यांना बारा दिवस उरले होते.

केबिन

आम्ही दोघी गेलो. मी आधीच सांगितलं होतं की तू बोलू नको, मी बोलते. सुहास म्हणाली, ताई, तुम्ही बोललात म्हणून तर. वाक्य तिने पुरं केलं नाही.

केबिन आमच्या वर्गापेक्षाही गार. सॅमसर मफलर गुंडाळून बसले होते. मी इंग्रजी, हिंदी, जे हाताला लागेल ते घेऊन सगळं खरं सांगितलं. ती वर्गातच होती, खाली बसली होती, कल्पना माझी, दोष माझा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. तिथे तीन रकाने. हजर. गैरहजर. वरिष्ठांच्या सांगण्यावरून अन्यत्र. म्हणाले, "खाली बसलेली, असा रकाना नाही."

"पण ती होती."

"बसणं नियमाविरुद्ध आहे. मी ते लिहिलं तर हा दुसरा गुन्हा होईल. लिहू?"

"नको," सुहास म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा त्या भिंतीला लागलेला ऐकला.

खोलीवर येऊन ती कॅलेंडरकडे पाठ करून पडली. मी चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. मी आमच्या ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "तू आयुष्यभर खोट्या गोष्टी सांगून लोकांना हसवलंस. आता एक खरी सांगितलीस, ती चालली न्हाय. मग तुला जे येतं ते कर की."

मी फोन ठेवला आणि तिसऱ्या रकान्याचा विचार करू लागले. वरिष्ठांच्या सांगण्यावरून अन्यत्र. खालच्या वर्गांच्या बायांत वयाने मी मोठी, म्हणून मला वरिष्ठ म्हणून नेमलेलं होतं. त्याचा उपयोग मला तोपर्यंत फक्त हजेरीपत्रक भरायला झाला होता.

मी लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी वाचनालयातल्या टबामागे साप पाहिला, किंचाळले, आणि सुहासिनी मिस धावत आल्या. सुहासला वाचून दाखवलं.

"ताई, साप काढा."

"का? जिवंत आहे."

"इथं साप न्हाय मिळत. तुम्ही थळहून आणलात म्हनतील. जवळ्याबरोबर."

दोन दिवसांनी पहिल्यांदा ती हसली होती, म्हणून मी साप काढला. "मग विंचू?"

"ताई."

"बरं. मला चक्कर आली."

"तीन दिवस? त्याच तासाला? तुम्हाला?"

माझ्याकडे बघून मला चक्कर आली यावर कोण विश्वास ठेवणार, हा तिचा मुद्दा होता. मी खोडत गेले. खोडता खोडता माझ्या लक्षात आलं की आजवर लोक माझ्या गोष्टींना हसायचे, कारण त्या कुणाला खऱ्या वाटत नव्हत्या. ही खरी वाटायला हवी होती. म्हणजे कंटाळवाणी हवी होती. त्या रात्री मला जितका त्रास झाला तितका कधी झाला नाही. प्रत्येक वाक्यातून मी एक रंगीत गोष्ट उपटून काढत होते.

शेवटी राहिलं ते असं: परीक्षेच्या गुणांच्या बेरजा मला जमत नाहीत. मी वरिष्ठ असल्याचा फायदा घेऊन, परवानगी न घेता, सुहासिनी मिसना सलग तीन दिवस त्यांच्या तासाला वर्गातून बोलावून माझ्या वह्या तपासून घेतल्या. त्यांनी नकार दिला होता. मी दरडावलं. खाली माझी सही.

"तुमचं काय होईल?" सुहास म्हणाली.

"मार्चअखेर करार संपतोच आहे."

"पुढच्या वर्षी बोलावणार न्हाईत."

मला पुढच्या वर्षी हवं होतं. घराच्या मागच्या खोलीचं छप्पर, धाकटीचं कॉलेज, सगळं त्यावर उभं केलं होतं मनात. ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "मला इथल्या सुरमईचा कंटाळा आलाय."

सॅमसरांनी तो कागद उभ्यानेच वाचला. दोनदा. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "अखेर या शाळेत कुणीतरी खरं बोललं."

मी खाली मान घातली. घालावीच लागली, तोंडावरचं काही दिसू नये म्हणून.

तीन लाल खुणांच्या जागी तीन पिवळ्या, म्हणजे 'अन्यत्र'च्या, आल्या. सुहासची रजा मंजूर झाली, पण सही मालकांची हवी, आणि मालक परगावी. सात दिवस गेले. आठव्या दिवशी मालक आले नाहीत, त्यांची सही ईमेलवर आली. मला त्याच दिवशी पत्र मिळालं: गंभीर ताकीद, कराराचं नूतनीकरण होणार नाही. दोन्ही कागद एकाच पाकिटात होते, प्लॅस्टिकमध्ये मढवलेले नव्हते एवढंच.

विमानतळ

पस्तीस आठवडे आणि पाच दिवस. हे आकडे मी अजून झोपेत म्हणते, असं आमचे हे सांगतात.

काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरांचा कागद हातात घेतला, सुहासच्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मग कागद घेऊन आत गेली. आम्ही उभ्या. सुहासने माझं मनगट धरलं होतं. मी बोलत होते, काय बोलत होते देव जाणे, बहुधा खांदेरीच्या दिव्याबद्दल, पण थांबले असते तर ती पडली असती, किंवा मी.

मुलगी परत आली. म्हणाली, एक शिक्का अस्पष्ट आहे. तिने दवाखान्यात फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. आमच्या मागची रांग कुरकुरायला लागली. चौथ्यांदा कुणीतरी उचलला. ती 'हो, हो' म्हणाली, मग एक व्हीलचेअर आली, आणि सुहास त्यात बसली. बसल्यावर तिने डोळे मिटून घेतले.

"ताई, तुम्ही जा आता."

"जाते."

गेले नाही. काचेला नाक लावून उभी राहिले, ती आतल्या दारात वळेपर्यंत. वळताना तिने हात केला तो माझ्याकडे होता की ढकलणाऱ्या माणसाला 'हळू' म्हणून होता, मला कळलं नाही. सकाळी मेसेज आला: पोचले. दुपारी दुसरा आला: आईने भाकरी केलीय, तिसरी खाते. तेवढं वाचलं आणि मी वर्गात, सगळ्या पोरांसमोर, उभ्याने, मोठ्याने नाक शिंकरलं. सॅमसरांच्या केबिनपर्यंत गेलं असणार.

उरलेले दिवस मी उभी राहून शिकवलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिला मुलगी झाली, वेळेच्या दोन आठवडे आधी. आदल्या संध्याकाळी रक्तदाब चढला होता, माणगावहून गाडीने पुढे न्यावं लागलं होतं, पण दोघी सुखरूप. नवऱ्याने फोटो पाठवला. मूठभर पोर, कपाळावर आठी, अगदी त्या डॉक्टरीणबाईसारखी.

पासपोर्ट

निघायच्या आदल्या दिवशी मी पासपोर्ट घ्यायला केबिनमध्ये गेले. सॅमसरांनी कपाट उघडलं, पासपोर्ट काढला, वही पुढे केली. सही करायला मी वाकले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या खुर्चीच्या मागे, छताला टेकून, एक कॅमेरा होता. आमच्या वर्गांत होता तसाच. लाल ठिपका लागलेला. तोंड त्यांच्या टेबलाकडे. पडद्याच्या चौकटी बघण्यात आम्ही कुणी कधी तिकडे वर पाहिलं नव्हतं. त्यांची चौकट कुणाच्या पडद्यावर दिसत होती, ते मी विचारलं नाही.

मी सही केली. त्यांनी पेन परत घेतलं आणि त्यांच्या हातून पडलं. टेबलाखाली गेलं. ते कडक इस्त्रीचा शर्ट न मोडता हळूहळू खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"मिस," टेबलाखालून आवाज आला, साध्या हिंदीत, मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेल्या, "ती फरशीवर बसली होती, हो ना?"

मी पासपोर्ट उचलून छातीशी धरला.

"माझ्या बायकोला पण असंच झालं होतं. पाय," ते म्हणाले. "मला कागद हवा होता. मालकांना दाखवायला." मग थोडं थांबून, "बच्चा?"

माझ्या हातातला पासपोर्ट निसटला. म्हणजे मी निसटू दिला. तो उचलायला मीही खाली वाकले. टेबलाखाली आमची डोकी एकमेकांच्या जवळ आली. त्यांच्या नाकावर थंडीने पाणी साचलं होतं.

"मुलगी," मी म्हटलं, जमेल तेवढ्या हळू. "दोघी बऱ्या आहेत."

"वजन?"

अडीच किलो होतं. मी साडेतीन सांगितलं.

त्यांनी पेन उचललं आणि ते वर उठून पुन्हा कॅमेऱ्याखाली ताठ बसले.